शंभरावा सामना कुणाचा? भुतियाच्या १०७ ची उलटतपासणी

४ जून २०१८ ची संध्याकाळ, अंधेरीचे क्रीडासंकुल. पाऊस असा कोसळत होता की पहिल्या अर्ध्या वेळात चेंडू पळायचा सोडून पाण्यात बसत होता. तीन दिवस आधी याच मैदानावर भारताच्या फुटबॉल संघाने चायनीज तैपेईला ५-० हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि बघायला आले होते अवघे २,५६९ लोक. मग छेत्रीने हात जोडून केलेला तो व्हिडिओ आला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. सामन्याआधी छेत्रीचा सत्कार झाला, कारण हा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. सत्काराला भारताचे जुने आघाडीचे खेळाडू बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन आले होते. भारत ३-० जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे.

दुसऱ्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रांनी एकच ओळ छापली: शंभर सामने खेळणारा छेत्री हा भुतियानंतरचा दुसरा भारतीय.

या प्रकरणाचा विषय तेवढाच आहे. त्या ओळीतला ‘दुसरा’ हा शब्द बरोबर आहे का?

भुतियाची शंभरी २००९ साली साजरी झाली, दिल्लीच्या आंबेडकर मैदानावरच्या नेहरू चषकात. भारताने अंतिम सामन्यात सीरियाला पेनल्टींवर हरवून ती स्पर्धा जिंकली आणि ‘शंभर सामने खेळणारा पहिला भारतीय’ हे बिरुद भुतियाला कायमचे चिकटले. २०११ च्या आशिया चषकानंतर तो थांबला तेव्हा बातम्यांत कुठे १०४ सामने आले, कुठे १०७. गोल कुठे ४०, कुठे ४२. एकाच माणसाच्या, एकाच देशासाठीच्या कारकिर्दीचे हे वेगवेगळे आकडे शेजारी शेजारी नांदत होते आणि कुणालाही त्याचे विशेष वाटत नव्हते. पुढे १०७ हाच रूढ झाला. ५ जून २०१९ रोजी थायलंडमधल्या बुरीराम येथे किंग्ज कप स्पर्धेत छेत्री कुरासावविरुद्ध उतरला, तो त्याचा १०८ वा सामना. ‘भुतियाचा विक्रम मोडला’ हे मथळे त्या दिवशीचे. सामना भारत ३-१ हरला, भारताचा गोल छेत्रीचाच होता.

आता दुसरी बाजू. जगभरच्या फुटबॉलची आकडेवारी सामन्यागणिक जुळवणारी काही हौशी मंडळी आहेत. १९९४ पासून चालणारी आरएसएसएसएफ ही त्यातली सर्वांत चिवट संस्था. असे लोक आकडा लिहीत नाहीत, आधी सामन्यांची यादी लिहितात: तारीख, गाव, प्रतिस्पर्धी, निकाल, कोण खेळले. आकडा त्या यादीच्या तळाशी आपोआप येतो. या पद्धतीने भुतियाचे सामने ऐंशीच्या आसपास भरतात आणि गोल तिशीच्या आत. शंभरी ओलांडलेल्यांच्या जागतिक याद्यांत त्याचे नाव नाही. छेत्रीचे आहे.

म्हणजे अंधेरीच्या पावसात सत्काराला आलेला माणूस या हिशेबाने शंभरीला पोचलेलाच नव्हता, आणि ज्याचा सत्कार झाला तो दुसरा नव्हे, पहिला होता.

दोन हिशेबांत वीस-पंचवीस सामन्यांची तफावत, हे काही किरकोळ बेरजेचे चुकणे नव्हे. असे अंतर पडते तेव्हा साधारणपणे कुणी खोटे बोललेले नसते. मोजायची वस्तूच दोघांनी वेगळी धरलेली असते.

इंग्लंडमध्ये पूर्वी देशाकडून खेळलेल्याला खरोखरची मखमली टोपी देत. त्यावरून ‘कॅप’ हा शब्द आला. आपल्याकडे खेळाडू सांगतो, ‘मी इंडियाकडून इतक्या मॅच खेळलो’. या वाक्यात निळा शर्ट महत्त्वाचा, समोर कोण होते ते दुय्यम. फिफाच्या हिशेबात मात्र समोरचा संघही तितकाच महत्त्वाचा आहे. दोन्ही बाजूंनी त्या देशाचा मुख्य, म्हणजे ‘अ’ दर्जाचा राष्ट्रीय संघ असेल तरच तो सामना खेळाडूच्या खात्यावर चढतो. समोर क्लब असेल तर नाही. समोर देशाचा दुय्यम संघ असेल तर नाही. वयोगटाचा सामना असेल तर नाही.

हे नियम भारताच्या दिनदर्शिकेला लावून बघा, म्हणजे वीस-पंचवीस सामने कसे वितळतात ते कळते. सन २००० च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला. फुलहॅम क्लबशी खेळला, वेस्ट ब्रॉमविच क्लबशी खेळला आणि लेस्टरच्या मैदानावर बांगलादेशला १-० हरवून आला. दौरा एक, शर्ट एक, प्रशिक्षक एक. त्या दौऱ्यातल्या खेळाडूला विचारा, तो तीन सामने सांगेल. नियम एकच देईल, बांगलादेशचा. पुढे बॉब हॉटन प्रशिक्षक असताना संघ सरावासाठी पोर्तुगालला जाई, बार्सिलोनाला जाई, तिथे स्थानिक क्लबांशी खेळे. त्या सामन्यांचा खेळाडूंना जितका फायदा झाला तितका क्वचितच कशाचा झाला असेल. हिशेबात मात्र शून्य.

ऑलिंपिकचे पात्रता सामने १९९२ पासून २३ वर्षांखालील संघांचे झाले. आशियाई स्पर्धा २००२ पासून तशीच. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेतले फुटबॉलही २००४ पासून त्याच वयोगटाचे. खेळणारा तोच, ओळख करून देणारा समालोचक ‘भारतीय संघ’ असेच म्हणतो, पण ही पाने वेगळ्या वहीत जायला हवीत.

नेहरू चषक हे तर स्वतंत्रच प्रकरण आहे. १९८२ साली कोलकात्यात सुरू झालेल्या या स्पर्धेने आपल्याला केवढे संघ दाखवले! १९८४ साली प्रशिक्षक कार्लोस बिलार्दोची अर्जेंटिना आली होती. भारत गारेकाच्या एका गोलने हरला, ०-१. त्या वर्षी चषक पोलंडने नेला. १९८९ ची स्पर्धा मडगावला झाली, नव्या फातोर्डा मैदानावर. गोव्याच्या एका पिढीला ती अजून आठवते. पण पाहुणे कधी मुख्य संघ पाठवत, कधी ऑलिंपिकचा, कधी तरुणांचा, कधी उरलासुरला. २०१२ च्या अंतिम सामन्यात आपण कॅमेरूनला पेनल्टींवर हरवले, तेव्हाही समोर कॅमेरूनचा पहिल्या फळीचा संघ नव्हता. फलकावर मात्र ‘कॅमेरून’ असेच लिहिलेले होते. त्या रात्री दिल्लीत नाचलेल्या माणसाला जाऊन कुणी सांगायचे, की हा तुझा सामना धरता येणार नाही?

भुतियाच्या कारकिर्दीचा शेवट या नियमाची गंमत सगळ्यांत नेमकी दाखवतो. जानेवारी २०११, दोहा. सत्तावीस वर्षांनी भारत आशिया चषकात पोचलेला, भुतिया दुखापतीने बाकावर. पहिले दोन सामने बसून गेले. तिसऱ्या, दक्षिण कोरियाविरुद्धच्या सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून काही मिनिटे उतरला. भारत १-४ हरला. ती काही मिनिटे म्हणजे एक पूर्ण सामना, नव्वद मिनिटे खेळलेल्याइतकाच. वर्षभराने, १० जानेवारी २०१२ ला, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू मैदानावर त्याचा निरोपाचा सामना झाला. समोर बायर्न म्युनिक. गोमेझने गोल केला, म्युलरने दोन केले, श्वाइनस्टायगरने एक. मैदान भुतियासाठी भरलेले होते. पण समोर क्लब होता, म्हणून हिशेबात काहीच नाही.

मला स्वतःला हा नियम क्रूर वाटतो, आणि तरीही तोच बरोबर वाटतो. भावनेने मोजायचे म्हटले तर प्रत्येक जण आपापली भावना घेऊन येईल, आणि मग तुलना कसली?

मित्रत्वाच्या सामन्यात आणखी एक खोच आहे, ती बदली खेळाडूंची. फेब्रुवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडचे प्रशिक्षक एरिक्सन यांनी मध्यंतराला अकराच्या अकरा खेळाडू बदलले. इंग्लंड १-३ हरले. कोवळ्या वेन रूनीचे पदार्पण त्याच गोंधळातले. असल्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय का म्हणायचे, असा प्रश्न उठला आणि २००४ पासून ‘अ’ दर्जाच्या मित्रत्वाच्या सामन्यात सहा बदलांची मर्यादा आली. मर्यादा ओलांडली तर दोन्ही मुख्य संघ असूनही सामना बाद. त्यामुळे तारीख आणि निकाल सापडला म्हणजे काम झाले असे होत नाही. त्या दिवशीचा खेळाडूंचा तक्ताच हवा, पंचाच्या सहीचा असेल तर उत्तमच.

आणि तक्ता मिळणे हीच तर आपल्याकडची रड. क्रिकेटमध्ये १९३२ च्या पहिल्या कसोटीतल्या प्रत्येक फलंदाजाची धाव शोधता येते, कारण धावफलक हाच त्या खेळाचा दस्तऐवज. फुटबॉलच्या बातमीत गोल करणारे येतात, नशीब असेल तर सुरुवातीचे अकरा येतात. ऐंशीव्या मिनिटाला उतरून सहा वेळा चेंडूला पाय लावलेल्या मुलाचे नाव वार्ताहर कशाला लिहील? त्याने गोल केला तरच तो इतिहासात शिरतो. एका ग्रंथालयात मी जुन्या अंकांच्या बांधीव फायली चाळत बसायचो. खेळाचे पान नेमके कुणीतरी ब्लेडने कापून नेलेले असायचे, बहुतेक वेळा पाठीमागच्या क्रिकेटच्या फोटोसाठी. फुटबॉलचा सामना असा क्रिकेटच्या पाठीला चिकटून नाहीसा होतो.

नावांचा घोळ वेगळाच. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिक संघात दोन बॅनर्जी होते: कर्णधार समर ऊर्फ बद्रू, आणि उजव्या बगलेचा प्रदीपकुमार, म्हणजे पी. के. दोघेही आघाडीच्या फळीतले. बातमीत नुसते ‘बॅनर्जी’ आले की बसा डोके धरून. १९४८ च्या संघातले टी. एम. वर्गीस केरळात ‘पापन’ या नावाने ठाऊक. दोन नावे दोन कागदांवर आली की यादीत दोन माणसे तयार होतात. खुद्द भुतियाचे नावही इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिले जात आले आहे.

मेलबर्नचा उल्लेख आला आहे तर तिथे थोडे थांबतो, कारण आपला माणूस तिथे आहे. १ डिसेंबर १९५६, भारत ४, ऑस्ट्रेलिया २. नेव्हिल डिसूझाचे तीन गोल, चौथा किट्टूचा. नेव्हिल मूळचा गोव्याचा, खेळला मुंबईत, टाटांच्या संघाकडून. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोल एका सामन्यात करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, नंतर आपण १-४ हरलो. चार गोलांसह तो स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत राहिला. आता याला ‘अ’ दर्जाचा सामना म्हणायचे का? त्या काळी ऑलिंपिक हौशी खेळाडूंचे. ब्रिटनसारख्या, जिथे धंदेवाईक फुटबॉल मुरलेले होते अशा देशाचा ऑलिंपिक संघ आणि तिथला खरा राष्ट्रीय संघ यांत जमीन-अस्मानाचा फरक. भारतात मात्र धंदेवाईक कुणीच नव्हते. ऑलिंपिकचा संघ हाच आपला पहिला आणि एकुलता एक संघ. एकच स्पर्धा, पण एका देशासाठी ती दुय्यम संघाची आणि दुसऱ्यासाठी सर्वोच्च. म्हणून मी १९५६ चे सामने नेव्हिलच्या खात्यावर धरतो. ऑस्ट्रेलियाही आपल्या खेळाडूंच्या खात्यावर धरते.

ऑस्ट्रेलियाचे हे एक बरे आहे, ते नोंदी टाकून देत नाहीत. १९३८ साली करुणा भट्टाचार्यांच्या नेतृत्वाखाली गेलेला भारतीय संघ तिथे पाच मोठे सामने खेळला. तो संघ गुलाम देशाचा, फिफाचे आपले सदस्यत्व दहा वर्षे दूर. आपण ‘पहिला सामना’ म्हणून ३१ जुलै १९४८ चा, इल्फर्डचा, फ्रान्सविरुद्धचा १-२ असा सामना सांगतो: रामनचा गोल, वाया गेलेल्या दोन पेनल्टी आणि अनवाणी पायांची दंतकथा. पण ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाच्या यादीत १९३८ चे पाचही सामने व्यवस्थित आहेत. तसाच १२ डिसेंबर १९५६ चा सिडनीचा सामना, ऑलिंपिक संपल्यावरचा, आपण ७-१ जिंकलेला. भारताच्या सर्वांत मोठ्या विजयांत तो गणला जातो, आणि त्याबद्दल बोलणारा माणूस मला आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला आहे.

हा भारताचाच रोग असे समजायचे कारण नाही. पेलेचे ब्राझीलसाठी गोल किती? ‘अ’ दर्जाच्या ९२ सामन्यांत ७७. ब्राझीलमध्ये विचारा, क्लबांविरुद्धचे धरून ११४ सामन्यांत ९५ सांगतील. जपानच्या कामामोतोचे त्यांच्या संघटनेच्या हिशेबाने ७६ सामन्यांत ७५ गोल, इतरत्र ८४ सामन्यांत ८० असेही दिसते. मोठ्या नावाभोवती दोन आकडे फिरत राहणे हे नवे नाही. फरक इतकाच, की पेलेचे दोन्ही आकडे सामन्यांच्या यादीसह मिळतात. ७७ आणि ९५ यांच्यातले अठरा गोल कुणाविरुद्धचे, हे बोट ठेवून दाखवता येते. १०७ हा आकडा मात्र बातम्यांतून नेहमी एकटाच आला, मागे सामन्यांची रांग न घेता.

विजयनचेही असेच. त्याच्या नावावर वर्षानुवर्षे ४० गोल सांगितले गेले. सामन्यागणिक मोजले की ते तिशीच्या आसपास उतरतात. ज्याने विजयनला डोळ्यांनी खेळताना पाहिले त्याला या उतरंडीने काडीचाही फरक पडत नाही. १९९९ च्या दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचा मडगावचा अंतिम सामना घ्या: बांगलादेशविरुद्ध २-०, एक गोल गोव्याच्या ब्रुनो कुतिन्योचा, एक भुतियाचा. तो कुठल्याही हिशेबात पक्का आहे. २००८ च्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज कपची अंतिम लढतही तशीच, ताजिकिस्तानविरुद्ध ४-१, छेत्रीचे तीन आणि भुतियाचा एक. भुतियाचे मोठेपण या सामन्यांत आहे, आणि त्यांना कुठलीही कात्री लागत नाही.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? तुलनेबद्दल. २०१९ साली छेत्रीचे १०८ आणि भुतियाचे १०७ एका तराजूत घातले गेले, आणि दोन पारड्यांत दोन प्रकारची वजने होती. छेत्रीची कारकीर्द १२ जून २००५ ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध सुरू झाली. त्याचा बराचसा काळ असा, की प्रत्येक सामन्याचा तक्ता त्याच रात्री जगभर उपलब्ध होतो. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी ओरडते. १९९५ च्या कोलकात्यातल्या नेहरू चषकातून पदार्पण केलेल्या भुतियाच्या पहिल्या काही वर्षांना ही चाळणी लागलीच नव्हती. सारख्या मापाने मोजले असते तर छेत्रीने भुतियाला बुरीरामच्या काही वर्षे आधीच मागे टाकले होते, आणि त्या दिवशी मथळा कुणाला सुचलाही नसता. ज्या सामन्यात खरा विक्रम झाला तो कुणाच्याच लक्षात आला नाही.

छेत्रीपुढे आता हा प्रश्न उरलेला नाही म्हणा. ६ जून २०२४ ला कुवेतविरुद्ध कोलकात्यात ०-० खेळून तो निवृत्त झाला तेव्हा १५१ सामने आणि ९४ गोल होते. मार्च २०२५ मध्ये परत आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध गोल केला. त्याच्या कुठल्याही हॅटट्रिकची जागा विचारा: २००८ दिल्ली, २०१० पुण्याचे बालेवाडी, २०१८ अंधेरी, २०२३ बंगळूरू. चारही सामन्यांचा तक्ता दोन मिनिटांत निघतो.

माझ्या वहीत मी आता प्रत्येक खेळाडूला दोन रकाने देतो. एकावर ‘भारताच्या शर्टात’ आणि दुसऱ्यावर ‘अ दर्जा’. फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच, बायर्न म्युनिक पहिल्यात. बांगलादेश आणि दोह्याची ती काही मिनिटे दोन्हींत. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारख्या ऐंशीच्या दशकातल्या गोलरक्षकाचे पान भरताना पहिला रकाना भराभर लांबतो आणि दुसरा अडखळत चालतो, कारण प्रत्येक नेहरू चषकाला थांबून विचारावे लागते की समोर नक्की कोण आले होते. भुतियाच्या पानावर पहिल्या रकान्याखाली १०७ शाईने लिहिला आहे. दुसऱ्याखालचा आकडा पेन्सिलीने आहे. ४ जून २०१८ च्या ओळीपुढे, छेत्रीच्या नावासमोर, ‘पहिला’ हा शब्द मात्र शाईने लिहिला आहे.